नोकरी सुटली, आता चाकरी



एका चातुर्मासात अंबरनाथ येथे आमची पाच दिवसांची प्रवचने झाली. वालधुनीच्या काठी शके 982 मध्ये, म्हणजे इसवी सन 1060 मध्ये, शिलाहारांच्या काळचे जे प्राचीन शिवालय आहे त्याचे दर्शन सकाळी घ्यावे, दुपारी कुणा माळकऱ्याच्या घरी विसावावे आणि सायंकाळी एका लहानशा विठ्ठलमंदिरात बोलावे, असा क्रम होता. पाचव्या दिवशी आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली, आणि एक गृहस्थ मात्र खांबाशी उभे राहिले. वय साठीच्या आसपास, गळ्यात माळ, हाताच्या तळव्यांना जुने घट्टे.

"महाराज, एक विचारायचं होतं. पोथीतलं नाही, घरातलं आहे."

"विचारा, माउली."

"चौतीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं, भोंगा झाला की घरी यायचं. फाल्गुनात रिटायर झालो. शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जाग आली, पण डबा कुणी भरला नव्हता. तेव्हापासून रोज पाचलाच जाग येते. आंघोळ करतो, हरिपाठ म्हणतो. तो अर्ध्या तासात होतो. मग दिवस उरतो. त्या दिवसाचं काय करू?"

आम्हांस कल्याणकडे जाणारी लोकल गाठायची होती. आम्ही म्हणालो, "नामस्मरण वाढवा, सगळे ठीक होईल," आणि पिशवी उचलून निघालो. वाचकहो, सांगितले ते खोटे नव्हते. पण ते उत्तरही नव्हते. गाडीने उल्हासनगर सोडले, पुढचे स्टेशन विठ्ठलवाडी आले, फलाटावरची ती पाटी डोळ्यांपुढे आली आणि मनाला एकदम लागले, की देवाच्या नावाच्या वाडीवरून आपण चाललो आहोत आणि देवाचा माणूस मागे खांबाशी उभा ठेवून आलो आहोत.

पुढच्या एकादशीस मुद्दाम अंबरनाथेस गेलो, त्या गृहस्थांचे घर शोधून काढले आणि त्यांच्या ओट्यावर बसलो. त्या दिवशी जे बोलणे झाले, आणि पुढे कार्तिकापर्यंत जे घडले, ते येथे मांडतो. कारण हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही. ऑर्डनन्स फॅक्टरीत, शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये, रेल्वेत, मुंबईच्या कचेऱ्यांत आयुष्य घालवून विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत स्थायिक झालेल्या हजारो माणसांचा तो प्रश्न आहे, आणि त्यांत माळकरी थोडे नाहीत.

प्रथम त्या शब्दाकडे पाहू. निवृत्ती! लोक हा शब्द उच्चारताना सुस्कारा टाकतात. आपल्या गुरुपरंपरेत मात्र ते एका थोरल्या भावाचे नाव आहे. त्या भावाने काय केले? धाकट्यास गीतेचा अर्थ मराठीत सांगण्याची आज्ञा केली आणि आपण मागे राहिला. शके 1212 मध्ये नेवाशास ग्रंथ सिद्ध झाला, तो ज्ञानेश्वरी म्हणून जगास ठाऊक झाला. निवृत्तिनाथांचे नाव ग्रंथाच्या मथळ्यावर नाही, ग्रंथाच्या पोटात ठायी ठायी आहे. दुसऱ्याला कामाला लावावे आणि श्रेयाच्या वेळी आपण मागे सरावे, हे ज्याला साधले तो निवृत्त. बरे, हा थोरला भाऊ त्या वेळी विशीच्या आसपासचा होता. तेव्हा खऱ्या निवृत्तीसाठी अठ्ठावन्न किंवा साठ वर्षे थांबण्याचे कारण नाही. पण ज्यांना सरकारने किंवा कारखान्याने ती आयती हातात दिली आहे, त्यांनी तरी ती वाया का घालवावी?

हे ऐकून ते गृहस्थ म्हणाले, "महाराज, नाथ सिद्धपुरुष. मी फिटर. मला माणसाची गोष्ट सांगा."

मग आम्ही त्यांना हैबतबाबांची गोष्ट सांगितली. माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ऐकलेली असते, पण नोकरी सुटलेल्या माणसाची गोष्ट म्हणून ती फार थोड्यांनी ऐकली असेल.

हैबतराव पवार हे सातारकडच्या आरफळचे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार. चाकरी पुरी करून, कमावलेले धन बरोबर घेऊन ते गावाकडे निघाले होते. म्हणजे आजच्या भाषेत फंड आणि ग्रॅच्युइटी घेऊन घरी निघालेला माणूस. परंपरा अशी सांगते, की सातपुड्यात भिल्लांनी त्यांना धरले, लुटले आणि गुहेत कोंडले. तेथे त्यांनी हरिपाठाचा आधार घेतला. काही दिवसांनी भिल्लांच्या नायकाला मुलगा झाला, त्या आनंदात हैबतरावांची सुटका झाली, धनही परत मिळाले. ते आरफळला जाऊन वाडा बांधून बसले नाहीत. आळंदीस आले आणि उरलेले आयुष्य माउलींच्या पायांशी घातले.

येथपर्यंत सगळे सांगतात. पुढचा भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी आळंदीस येऊन डोळे मिटून बसायचे ठरवले असते तर कोणी दोष दिला नसता. पण आयुष्यभर फौजेत वावरलेल्या त्या माणसाने पाहिले, की वारीला भक्ती उदंड आहे, शिस्त हवी आहे. पूर्वी तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी पादुका पालखीत घालून पंढरीस नेण्याचा प्रघात पाडला होता. 1832 च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला. वासकरांसारख्या भजनी मंडळींची साथ मिळाली. आज पहाटे पहिला कर्णा झाला की राहुट्या सोडायच्या, दुसऱ्याला सज्ज व्हायचे, तिसऱ्याला पालखी हलते. दिंड्यांचे क्रम ठरलेले, रथापुढच्या ठरलेल्या, रथामागच्या ठरलेल्या. मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंच केला की लाखोंचा जमाव क्षणात गप्प होतो. ही घडी कुठली? फौजी तळाची! तलवारीच्या जागी वीणा आली, निशाणाच्या जागी पताका आली, पण कूच करण्याची, मुक्काम टाकण्याची, माणसे मोजण्याची विद्या तीच. हैबतबाबांनी हुद्दा सोडला, हुन्नर सोडला नाही. आणि स्वतःसाठी जागा कुठली मागितली? आळंदीस महाद्वारात त्यांची पायरी आहे. आत जाणाराचे पाऊल पहिल्याने तिच्यापाशी पडते.

ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन कर्णे म्हणजे आमचा भोंगाच की!"

आम्ही म्हणालो, "तेच सांगतो आहे, माउली. भोंगा बंद झाला नाही. आता तो कुणी दुसऱ्याने वाजवायचा नाही, एवढंच."

"पण मला हुद्दा कुठं होता सोडायला?"

हुद्दा सर्वांनाच असतो. साहेबाला साहेबीचा, शिपायाला साहेबाच्या दाराशी बसल्याचा, प्रवचनकाराला व्यासपीठाचा. आमचे आम्हीच सांगतो. आम्ही शाळामास्तर. शाळा सुटली तेव्हा प्रवचने सुरू होतीच, म्हणून वाटले आपल्याला हा रोग होणार नाही. त्याच वर्षी एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. आम्ही आपण होऊन गेलो, म्हटले आपल्याला पाहताच मंडळी पुढे नेऊन बसवतील. दारात एक विशीतला मुलगा होता. त्याने आम्हांस ओळखले नाही. तो म्हणाला, "आजोबा, बसायचंय ना सावलीत? मग एवढ्या चपलांकडे बघा." आणि तो निघून गेला. आम्हांस राग आला, तो लपवत नाही. उठून जावे असेही वाटले. पण ऊन होते, बसलो. संध्याकाळपर्यंत तीन-चारशे जोड हातांखालून गेले. एका बाईच्या चपलेचा अंगठा तारेने बांधलेला होता. एका म्हाताऱ्याच्या दोन चपला दोन वेगळ्या जोडांतल्या होत्या. टाच एका बाजूने पार झिजलेली, म्हणजे हा माणूस लंगडतो आहे आणि कुणाला सांगत नाही. तीस वर्षे आम्ही भेटेल त्याच्या पायांवर डोके ठेवत होतो, माउली माउली म्हणत होतो. पण त्या पायांत काय आहे ते त्या दिवशी प्रथम पाहिले. तो मुलगा आमचा गुरू. त्याला ते आजही ठाऊक नाही.

तेव्हा फिटर माउलींना आम्ही एवढेच विचारले, की तुमचा हुन्नर कोणता? ते म्हणाले, पाना. आणि लाजले. चौतीस वर्षे पाना हातात धरलेल्या माणसाला वाटते आपल्याजवळ समाजाला द्यायला काही नाही, कारण समाजसेवा म्हटली की त्याच्या डोळ्यांपुढे भाषण येते! आपल्याच ठाणे जिल्ह्यात मीरा रोडला आबिद सुरती नावाचे लेखक आहेत. जन्म 1935 चा. वयाची सत्तरी उलटल्यावर, 2007 मध्ये, त्यांनी एक काम धरले. दर रविवारी एक प्लंबर बरोबर घ्यायचा, इमारतीतल्या घराघरांची दारे वाजवायची आणि गळका नळ असेल तर फुकट दुरुस्त करून द्यायचा. एवढेच. थेंब थेंब गळणारा नळ महिन्याकाठी किती पाणी घालवतो त्याचा हिशेब त्यांनी मांडला आणि उरलेले काम वायसरने केले. जेथे पाणी ठरावीक वेळी येते, हंडे रांगेने भरावे लागतात, तेथे गळका नळ बंद करणे हे पाणपोई घालण्याइतके पुण्य आहे असे आमचे मत आहे. सुरती लेखक, त्यांना प्लंबर बरोबर न्यावा लागतो. आमच्या फिटरला तोही लागत नाही.

ते हसले. मग आतल्या दाराकडे पाहून हळूच म्हणाले, "पण आधी घरातच भांडण होतं. मी घरी असलो की हिची चिडचिड होते."

का होणार नाही? वाचकहो, येथे आम्ही जरा स्पष्ट बोलणार आहोत. पुरुषाला साठाव्या वर्षी शाल-नारळ मिळतो. बाईला कधी मिळतो? चौतीस वर्षे पहाटे साडेचारला उठून डबा तिने भरला. डबा बंद झाला, पण दुपारचा चहा दोनदा वाढला, आणि 'हे कुठं ठेवलंय' विचारणारा माणूस दिवसभर घरात आला. संध्याकाळी हाच माणूस उपरणे टाकून सेवेला निघाला तर ती सेवा विठोबापर्यंत पोहोचेल कशी? जनाबाईबरोबर देव दळू लागला, शेण्या वेचू लागला, असे आपण कीर्तनात रंगून सांगतो आणि ऐकतो. देवाने जात्याचा खुंटा धरला, आणि भक्ताला पोळपाट धरायची लाज! तेव्हा आमचे सांगणे असे, की पहिले सहा महिने बाहेर कुठेही नाव घालू नये. घरातले एक काम, पूर्णपणे, न विचारता आणि न सांगता, आपल्याकडे घ्यावे. ते ज्याला जमले तोच बाहेरच्या सेवेला लायक झाला. आतून भांड्यांचा आवाज थांबला होता; बाई ऐकत असाव्यात.

बाहेर काय करावे, याची यादी देण्यात अर्थ नाही. गावच सांगते. उल्हासनगरच्या मध्यवर्ती शासकीय रुग्णालयात बदलापूर, मुरबाड, कर्जतकडून माणसे येतात. आदिवासी वाडीवरची बाई केसपेपर हातात धरून उभी असते; तिला पुढची खिडकी कोणती ते सांगणारे एक वडीलधारे माणूस जवळ असले की तिचा निम्मा ताप उतरतो. नोव्हेंबर आला की सरकारी निवृत्तिवेतनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून तो बोटाच्या ठशावर यंत्रातून देण्याची सोय झाली. पण जन्मभर भांडी घासलेल्या विधवेच्या बोटांना रेषाच उरलेल्या नसतात, यंत्र तिला ओळखत नाही. मग बँकेत तिच्याबरोबर दुसऱ्यांदा जायला कोण? निवृत्त कारकुनाइतका योग्य माणूस या कामाला दुसरा नाही. जिवंत माणसाला तू जिवंत आहेस असे कागदावर मिळवून देणे, यापेक्षा मोठे काम त्याने नोकरीत तरी कोठे केले असेल? बदलापुरात श्याम जोशी या शिक्षकाने जुन्या मराठी पुस्तकांचे 'ग्रंथसखा' हे केवढे ग्रंथालय उभे केले! ते सर्वांना जमणार नाही, पण पुस्तकावरची धूळ पुसणे आणि आंधळ्या होत चाललेल्या शेजाऱ्याला रोज एक अध्याय वाचून दाखवणे जमते.

बदलापूरचे नाव निघाले म्हणून सांगतो. येथे प्रवासातले घोडे बदलत असत म्हणून हे बदलापूर, असे लोक सांगतात. खरेखोटे इतिहासकार जाणोत. पण घोडा बदलायचा तो पुढे जाण्यासाठी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

उल्हासनगरविषयी मात्र थोडे अधिक बोलले पाहिजे. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली माणसे, लाखाच्या घरात, कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत आणून उतरवली गेली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. त्या बराकींत साठी उलटलेली माणसेही होती. ज्यांचे घर, दुकान, शेत, भाषा बोलणारा शेजार सगळे एका वर्षात गेले, ती माणसे नव्याने उभी राहिली. त्यांच्यापुढे आमचे 'दिवस उरतो' हे दुःख फार मोठे वाटत नाही. आणि ही मंडळी आपल्याला परकी नाहीत. नामदेवरायांची 61 पदे गुरू ग्रंथसाहेबात आहेत, आणि अनेक सिंधी दरबारांत ग्रंथसाहेबाचे वाचन चालत आले आहे. परंपरेप्रमाणे नामदेवराय उत्तरवयात पंजाबात घुमान येथे राहिले. पंढरीचे महाद्वार सोडून, जेथे आपली बोली कुणाला कळत नाही तेथे जाऊन त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली! सिंधी दुकानदाराच्या दारात पाण्याचा माठ दिसला, की आम्हांस नामदेव आठवतात.

एक गोष्ट राहून जाऊ नये. सगळ्यांनाच निवृत्ती मिळते असे नाही. कित्येक खासगी कारखान्यांतल्या माणसांना हातात महिना हजार-दोन हजार पडतात. तो माणूस साठीनंतर रात्रपाळीचा वॉचमन होतो. त्याला सेवेचे प्रवचन देणे हे पाप आहे. त्याच्या खुर्चीशेजारी रात्री गरम चहा नेऊन ठेवणे ही ज्याचे पेन्शन पुरते त्याची सेवा. दुसऱ्या टोकाला काही निवृत्त साहेब असतात. ते सेवेचा विचार मनात येताच प्रथम रबरी शिक्का करतात. मग लेटरहेड, मग अध्यक्ष कोण यावर तीन बैठका. आमच्या पाहण्यात एक मंडळ असे आहे, की त्याचे सेवाकार्य अजून सुरू व्हायचे आहे आणि त्यात फूट मात्र दोनदा पडून झाली आहे. नाव सांगत नाही. वाचतील त्यांना कळेल. उलट 26 जुलै 2005 च्या महापुरात, आणि 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून हजारावर प्रवासी होड्यांतून काढावे लागले तेव्हा, आसपासचे गावकरी मदतीला धावले, त्यांच्यापैकी कुणी शिक्का करवून घेतला नव्हता.

असो. त्या एकादशीनंतर आम्ही परतलो. फिटर माउलींनी पाना काढला. आधी आपल्या घरचे नळ, मग चाळीतले, मग जवळच्या शाळेतले. शाळेत असताना त्यांना कळले, की कारखान्यात त्यांच्या शेजारच्या यंत्रावर वीस वर्षे काम केलेला सोबती उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात एकटाच पडून आहे. त्याची मूत्रपिंडे गेलेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. महात्मा फुले योजनेखाली पैसे लागत नाहीत, पण न्यायला-आणायला माणूस लागतो. फिटर माउली तो माणूस झाले. पहाटे पाचची जाग कामी आली. सहाला त्याच्या दारी, सातला डायलिसिसच्या खाटेवर, चार तास बाहेरच्या बाकावर, तेथेच हरिपाठ, मग रिक्षाने घरी, मग पेजेची वाटी.

आणि कार्तिकी जवळ आली. त्यांचा फोन आला. आवाज बसलेला. "महाराज, बावीस वर्षांची माझी वारी. दशमी सोमवारी आहे, द्वादशी बुधवारी. गेलो तर याच्या दोन पाळ्या चुकतात. एकसुद्धा चुकून चालत नाही, डॉक्टरांनी बजावलंय. काय करू?"

बाहेरच्या माणसाला या प्रश्नातली धार कळणार नाही. माळ घालताना आपण वारीचा शब्द दिलेला असतो. वारी चुकवणे म्हणजे नुसती एक यात्रा रद्द करणे नव्हे. आम्ही त्यांना पुंडलिकाचे उदाहरण देऊ शकलो असतो, की आईबापांच्या सेवेत त्याने देवाला विटेवर तिष्ठत ठेवले. नाथमहाराजांचे देऊ शकलो असतो, की रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेल्या गाढवाच्या तोंडी ओतली. दोन्ही खरी. पण ती सांगून फोन ठेवणे म्हणजे पुन्हा लोकल गाठण्यासारखेच झाले असते. पुंडलिकाची गोष्ट दुसऱ्याला घरी बसवण्यासाठी नाही.

आम्हांस सप्ताहातली वीणा आठवली. सात दिवस, सात रात्री वीणा खाली टेकत नाही. म्हणून कुणी एकच माणूस सात दिवस उभा राहतो का? पहारे वाटून घेतात. पुढचा येतो, नमस्कार करतो, गळ्यातली वीणा गळ्यात जाते, नाम तुटत नाही. आमच्या माउलींनी तीन महिने ही वीणा एकट्याने धरली होती आणि पहारा बदलायला कुणी आले नव्हते. कारण आम्ही कुणी विचारलेच नव्हते.

त्याच आठवड्यात अंबरनाथच्या मंदिरात भजनानंतर उभे राहून आम्ही विचारले, सोमवार आणि बुधवार कोण घेतो? थोडा वेळ शांतता होती. दशमी-द्वादशीला बहुतेकांना पंढरीस जायचे होते, हे समजण्यासारखे आहे. बुधवार मिळाला तो मंदिरात नाही. रुग्णाच्या घराखाली ज्या सिंधी गृहस्थांचे किराणा दुकान आहे, माठ ठेवतात तेच, त्यांना हे कळले तेव्हा ते गल्ल्यावरून न उठता म्हणाले, "बुधवार मेरा. दुकान बेटा देखेगा." सोमवार कुणाचाच निघेना.

तो आम्ही घेतला. दशमीच्या पहाटे लोकलने आलो. रुग्ण अबोल, जरा हट्टी, आमच्यावर नाराज. त्याला त्याचा नेहमीचा माणूस हवा होता. त्याला आत नेले, वजनकाट्यावर उभे केले, नर्सबाईंनी आकडा लिहिला, यंत्र लागले. चार तास त्या बाकावर बसलो. शेजारी एक मुलगी आईसाठी बसली होती; तिने आम्हांस पाणी कुठे मिळते, पंखा कुठला चालतो, सगळे सांगितले, आणि 'ते नळवाले काका आज नाही आले?' असे विचारले. दुपारी रुग्णाला घरी पोहोचवून, पेज देऊन, कल्याणहून रात्रीची गाडी धरली.

एकादशीस वाळवंटात पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. दिंड्यांच्या गर्दीत फिटर माउली दिसले. त्यांनीच आधी पाहिले. धावत आले, आम्ही त्यांच्या पायांवर, ते आमच्या. उठता उठता त्यांनी विचारले, दर्शन झाले का म्हणून नव्हे, "वजन किती भरलं त्याचं?"

"अडीच किलो वाढलं होतं."

"अडीच?" त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे रविवारी मी नाही बघून दोनदा चहा प्याला तो. त्याला सांगून ठेवलं होतं, घोटभर पाणी, जास्त नाही. बुधवारी शेटजींना सांगायला हवं, त्याचा पेला लपवा म्हणून."

दर्शनाची रांग फार लांब गेली होती. दोघांनी कळसाकडे पाहून हात जोडले, आणि ते फोन कुठे लागतो ते पाहायला निघाले.